दोन जेवणांमधला घाट

लढाई संपली आणि लष्कराचं जुनं सामान सोलापुरात लिलावाला निघू लागलं, त्या साली नळदुर्गच्या माणिकप्पांनी फटफटी आणली. माणिकप्पा म्हणजे पेठेतले कापडवाले. अंगानं भारदस्त, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग आणि वय पन्नाशीच्या पुढे. या माणसानं जन्मात कधी बैलाचा कासरासुद्धा हातात धरला नव्हता. त्यामुळे खाकी रंगाचं ते धूड दुकानासमोर उभं राहिलं, तेव्हा अप्पांचं डोकं फिरलं यावर सगळ्या गावाचं एकमत झालं. आमच्या गावाचं एरवी कशावर एकमत होत नाही.

कुणी विचारलं की माणिकप्पा सांगत, "घाटातनं फिरून येणार हाय. तुळजापूरवरनं धाराशिव, तिथनं येडशीचं रान. रामलिंगाचं दर्शन घ्यायचं, डोंगर बघायचे अन माघारी फिरायचं. एकटाच जाणार."

त्यातलं 'एकटाच' ते जरा जोरात म्हणत. डोंगर बघायची हौस या माणसाला कधीपासून लागली, असं एकालाही विचारावंसं वाटलं नाही. लोकांना दुसऱ्याचं वेड आवडतं, कारण नको असतं. कारण होतं येडशीत, आणि तिचं नाव जगदेवी.

जगदेवी ही माणिकप्पा आणि शांतम्माची एकुलती एक लेक. येडशीला देऊन आठ वर्षं झाली होती. नवरा चांगला, घर खाऊनपिऊन सुखी, पण तिची कूस उजवली नव्हती. आणि आमच्याकडची रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. बहुतेकांना ही रीत जड जात नाही, कारण वर्षा-दोन वर्षांत पाळणा हलतो आणि व्याही मंडळी पंगतीला बसतात. जगदेवीच्या आईबापांची ती पंगत काही आली नाही.

दोन वर्षांपूर्वी माणिकप्पा प्रवाशांच्या सर्विस मोटारीनं लेकीकडे गेले होते. मोटार सकाळी नेऊन सोडायची ती संध्याकाळी परत न्यायची. मधली दुपार काही टळत नव्हती. घरात सगळे जेवायला बसले तेव्हा माणिकप्पांनी ओसरीवर आपली शिदोरी सोडली आणि घरून आणलेल्या तांब्यातलं कोमट पाणी प्यायले. जगदेवी ताकाची वाटी घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. "अप्पा, ताक तर घ्या. ताक म्हंजे काय जेवण न्हाय," असं म्हणाली. माणिकप्पांनी मान हलवली. ती रागावली नाही, रडली नाही. निघताना एवढंच म्हणाली, "तुमी माझ्या घरचं खात न्हाय, तर म्या तरी तुमच्या घरचं कोणत्या तोंडानं खाऊ?"

त्यानंतर ती माहेरी आली नाही. सणाला बोलावणं गेलं की काही ना काही अडचण निघे. आणि माणिकप्पांची पुन्हा जायची छाती झाली नाही. लेकीला बघायला जीव तुटायचा, पण ती वाटी डोळ्यांसमोर आली की पाय उचलत नसे.

मग एके दिवशी सोलापुरात त्यांनी फटफटीवरनं भुर्रकन गेलेला एक साहेब पाहिला, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोष सगळा मोटारीचा होता. आपली स्वतःची गाडी असली तर दुपारचं जेवण वाटेतच उरकता येईल, येडशीला पोचायचं ते घरातली भांडी घासून झाल्यावर, लेकीशी पोटभर बोलायचं आणि संध्याकाळची चूल पेटायच्या आत निघायचं. तिनं काही द्यायला नको आणि आपण नको म्हणायला नको. मला विचाराल तर हा बेत वेडगळच होता. पण बापानं तो इतक्या गंभीरपणे केला होता, की हसू येता येता राहतं.

शिकवायला होता सरदार. हा हैदराबाद सडकेवर सर्विस मोटार चालवायचा आणि माणिकप्पांचा लहानपणापासूनचा दोस्त. त्यानं त्यांना रोज सकाळी जळकोटच्या रस्त्याला नेलं. पहिल्याच दिवशी माणिकप्पा गाडीसकट कडब्याच्या गंजीत शिरले. पुढं एकदा पागोटं उडून बोरी नदीत पडलं. तिथं धुणं धुणाऱ्या बायका त्यांना बघून हसल्या. माणिकप्पांनी पागोट्याला हनुवटीखालून फडकं बांधायला सुरुवात केली, आणि महिनाभरात गाडी त्यांचं ऐकायला लागली.

"अप्पा, उतारावर बिरेकच्या भरवशावर राहायचं न्हाय," सरदार सांगायचा. "गाडी गेरमध्येच उतरवायची. अन वळणावर दरीकडं बघायचं न्हाय. नजर जिकडं, गाडी तिकडं."

"मग डोंगर कवा बघायचे?"

"थांबून बघा की. तुमास्नी कुठं घाई हाय?" मग सरदार म्हणाला, "न्हायतर म्या येतो मागं बसून. तेवढीच सोबत."

"नको. एकटाच जातो."

सरदारला वाईट वाटलं, ते त्याच्या तोंडावर दिसलंही. पण माणिकप्पांनी सगळा विचार केला होता. सरदार बरोबर आला तर जगदेवी त्याला ताट वाढणार, तो बिचारा जेवणार, आणि आपण समोर कोरडे बसणार. शांतम्माला न्यावं तर ते त्याहून वाईट. बापानं नको म्हटलेलं लेक एकवेळ गिळते, आईनं तोंड फिरवलेलं कसं गिळणार? म्हणून शांतम्मालाही त्यांनी डोंगराचीच गोष्ट सांगितली होती. रीत पाळण्यात शांतम्मा सगळ्यांत कडक. या पळवाटेला ती काय म्हणेल याची त्यांना धास्ती होती.

जायचा दिवस जवळ आला तसा त्यांना दुसरा नाद लागला. दुपारी दुकान झाकलं की माजघरात पागोट्याचं कोरं कापड अंथरायचं. ते कापड म्हणजे सडक. सरदारनं सांगितलेल्या प्रत्येक वळणाला ते कापडाला एक दुमड घालायचे. तुळजापूरच्या जागी पानाचा डबा, धाराशिवच्या जागी अडकित्ता. निजामाच्या कागदोपत्री धाराशिवचं नाव उस्मानाबाद असलं तरी माणिकप्पांच्या माजघरात ते धाराशिवच होतं. त्याच्यापुढं चढ संपतो तिथं एक पितळी वाटी, कारण तिथल्या झाडाखाली दुपारची भाकरी खायची होती. मग कापडाच्या बऱ्याच दुमडी, आणि शेवटी रामलिंगाचा म्हणून एक गोटा.

एकदा शांतम्मा धान्याचं सूप घेऊन आली आणि त्या पसाऱ्याशेजारीच निवडायला बसली.

"ही वाटी कशाची?"

"दुपारच्या जेवणाची."

"अन तिला लागून ही दुसरी?"

"येताना पुन्हा तिथंच थांबणार. राहिलेली भाकर खायची."

तिनं कापडावरनं नजर फिरवली. "येडशी कुठं हाय ह्याच्यात?"

माणिकप्पांनी बोट ठेवलं. गोट्याच्या अलीकडं कापड अगदी मोकळं होतं. ना वाटी, ना डबा.

"हितं काय करणार?"

"काय न्हाय. वाटंतच हाय. जरा टेकीन."

शांतम्माचा हात सुपातच राहिला. पहिल्या वाटीपासून येडशीपर्यंत आणि तिथून माघारी दुसऱ्या वाटीपर्यंत तिनं पुन्हा एकदा सगळा रस्ता बघितला. "जेवून पोचणार, अन चूल पेटायच्या आधी निघणार," ती सावकाश म्हणाली. "म्हणून घेतली व्हय गाडी तुमी?"

माणिकप्पांनी कापडावरची वाटी उचलली. "तिच्या हातात ती वाटी मला परत बघवायची न्हाय. लेकीची लई आठवण येती मला. म्या काय करू?"

शांतम्मा सूप उचलून आत गेली. नंतरही तिनं तो विषय काढला नाही, आणि माणिकप्पांना वाटलं की बायको रागावली. त्यांनी बेत मात्र बदलला नाही. सरदारनं कुठून तरी पेट्रोल पैदा केलं. रेशनच्या त्या दिवसांत ते कुठून आलं हे माणिकप्पांनी विचारलं नाही आणि सरदारनंही सांगितलं नाही.

निघायच्या सकाळी माणिकप्पांनी अंघोळ केली, लिंगपूजा केली, भस्म लावलं, न्याहारी केली. पागोट्याला फडकं बांधून ते अंगणात आले. गाडीला पाण्याचा तांब्या बांधायची जागा त्यांनी आधीच करून ठेवली होती. शांतम्मा बाहेर आली ती रिकाम्या हातांनी.

"शिदोरी?"

"केली न्हाय."

"मग दुपारी खाऊ काय?"

"येडशीला जेवा."

माणिकप्पांना वाटलं, ही टोमणा मारतेय. पण शांतम्माच्या तोंडावर राग नव्हता. ती पायरीवर बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"माझी अव्वा, माझी आय, आळंदहून बैलगाडीनं यायची, आठवतं न्हवं?" ती म्हणाली. "आपल्याला किती वर्षं पोर न्हवतं. ती ह्या अंगणात बसून बांधून आणलेली भाकर खायची. पाणीबी तिच्याच घरचं, गरम झालेलं. म्या आत चुलीपाशी बसून रडायची अन ती भाईर बसून मला हाका मारायची. पुढं जगदेवी पोटात राहिली तवा आपण सांगावा धाडला. तो पोचायच्या आदीच अव्वा गेली."

"ठावं हाय मला."

"माझ्या हातचा एक घास तिच्या पोटात गेला न्हाय. मग म्या म्हणायची, रीत हाय ती पाळायचीच. आपण मोडली तर अव्वा इतकी वर्षं उगाच उपाशी गेली असं व्हईल." शांतम्मानं डोळे पुसले. "तुमी ते कापड अंथरून बसलात, तवा कळलं मला. ती उगाचच उपाशी गेली. कुणाचं काय भलं झालं त्यानं? नातवंड लवकर आलं व्हय?"

माणिकप्पांनी हनुवटीखालचं फडकं नीट केलं. मग त्यांना आठवलं ते विचारलं. "अन लोक?"

"लोकांचं लोक बघतील. तुमी दोनदा मागून घ्या. एकदाच घेतलं तर तिला वाटंल, मन राखायला जेवले."

गाडी सुरू झाली. तुळजापूर मागं पडलं, धाराशिव मागं पडलं. महिनाभर ज्या डोंगरांची बढाई मारली होती, ते जाताना या गृहस्थानं बघितलेच नाहीत. कापडावर घातलेली वळणं एकामागून एक येत होती आणि त्यांची नजर रस्त्यावर खिळली होती. दुपारच्या जेवणाच्या झाडाखाली ते थांबले नाहीत. लेकीच्या दारात उशीर व्हायला नको होता.

दिवेलागणीला गाडीचा आवाज परत गल्लीत शिरला. शांतम्मा दारातच उभी होती. माणिकप्पा खाली उतरले, अंगावर धूळ, डोळे लाल. ओसरीवर टेकल्या टेकल्या तिनं विचारलं, "काय केलं होतं तिनं?"

"अगं, आदी तिला खरंच वाटंना," माणिकप्पा म्हणाले. "म्या म्हणलं, देवी, पाणी दे. तर तिनं मागं वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला म्हणलो काय म्हणून. मग म्हणलं, भूकबी लागलीया. ती नुसती उभी. मग आत गेली, अन आतनं भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. थापता थापता रडत होती. जावईबापू उठायला लागले तर म्या हात धरून बसवलं. म्हणलं, राहू दे, तिचं तिला करू दे."

"मागून घेतलं न्हवं?"

"तीनदा. वांग्याचं भरीत, शेंगांची चटणी, ताक. ताकाच्या दोन वाट्या. येताना पोट इतकं भरलं होतं की डोंगरात थांबावंच लागलं. बसून बघितले सगळे. चांगलं हाय ते रान." त्यांनी तोंडावरची धूळ पुसली. "येळवशीच्या सणाला येती म्हणली. शेतात जेवायला, दोघंबी."

मग त्यांनी गाडीच्या मागं बांधलेलं फडकं सोडून शांतम्माच्या पुढं ठेवलं. "तुझ्यासाठी दिलं तिनं, माझ्या अव्वाला द्या म्हणून. तू घेशील का न्हाय, ते मात्र तिला सांगता आलं न्हाय मला."

आत शेंगाच्या पोळ्या होत्या. रस्त्यातल्या धक्क्यांनी काठ मोडले होते. शांतम्मानं पाट घेतला, नीट मांडी घालून बसली आणि एक पोळी पुढं ओढली. पहिला घास तिनं बराच वेळ तोंडात ठेवला. "गूळ कमी हाय," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. माणिकप्पा दुसरीकडं बघत राहिले.

तेवढ्यात शेजारच्या रुद्रम्मानं भिंतीवरनं डोकं काढलं. ही रुद्रम्मा एकदा ऐकलं की सगळ्या पेठेला कळवूनच झोपायची. "आले काय अप्पा घाटातनं?" ती म्हणाली. "शांतम्मा, ये की भाईर, सांग काय काय बघितलं त्यांनी."

शांतम्मानं दुसरा घास मोडला आणि पेठेच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात उत्तर दिलं. "थांब जरा. लेकीच्या घरचं जेवतेय म्या."