अन्सारची राहुटी गळत नव्हती

मित्रांनो, मी एक जुनी राहुटी आहे. माझ्या आतल्या अंगाला, दाराच्या डावीकडे, एक खिसा शिवलेला आहे. त्या खिशात एक पत्र आठ वर्षं पडून होतं. लिहिणाऱ्याने त्यात एकच प्रश्न विचारला होता आणि उत्तराला एक ओळ पुरली असती. ती ओळ माझ्या मालकांनी लिहिली नाही. मला नीट सांगता येईल की नाही कोण जाणे. कुठे चुकले तर सांभाळून घ्या, पण माझा राग खरा आहे एवढं धरून चाला.

माझा जन्म कारंज्याचा, सन एकोणीसशे अडतीसचा. तंबू शिवणारे अन्सारभाई यांनी मला जाड दोसुती कापडातून शिवलं. शिवण झाल्यावर जवसाचं तेल आणि मेण एकत्र तापवून ते माझ्या अंगात जिरवलं आणि आठ दिवस मला उन्हात टांगून ठेवलं. मग त्यांनी मला अंगणात उभं केलं. त्यांच्या बायकोला, अमीनाबींना, खाली पिठाची परात घेऊन बसवलं आणि वरून सहा घागरी पाणी ओतलं.

"थेंब पडला का?" अन्सारभाईंनी विचारलं.

"पिठावर तं नाही पडला. तुमी मात्र पुरे भिजले," अमीनाबी म्हणाल्या.

असं हसत खेळत मी पास झाले.

मला विकत घेतलं ते कामरगावच्या दौलतराव मास्तरांनी. मास्तर फार वाचणारे आणि फार लाजणारे. समोरून दोन माणसं आली की ते रस्ता बदलत. मला त्यांच्या हवाली करताना अन्सारभाई म्हणाले, "मास्तर, एक गोष्ट ध्यानात ठेवा. या कापडाले सोडा-खाराचं पानी लावू नोका. तेल-मेण धुतलं गेलं का समजा याचा जीव गेला." मास्तरांनी मान डोलावली. हे ऐकणारे तिथे ते एकटेच होते. तुम्हीही हे विसरू नका.

मास्तरांच्या मनात एक बेत होता. मुलगी विजयमाला दिवाळीला माहेरी आली होती, मानोऱ्याचे व्याही रामकिसनराव यायचे होते. सगळ्यांनी मिळून अडाण नदीच्या काठी आवळीभोजनाला जायचं, पण जेवून परतायचं नाही. दोन दिवस राहुटीत राहायचं. मास्तरांनी त्याची वही केली होती. दार कोणत्या दिशेला करायचं, भोवती चर किती खोल खणायचा, चूल वाऱ्याच्या कोणत्या अंगाला मांडायची, सगळं लिहिलेलं. दुसऱ्या वहीत अकरा वर्षांच्या पावसाची टिपणं होती. तिच्या आधाराने कार्तिक शुद्ध नवमी ठरली.

अष्टमीला आभाळ भरून आलं.

"मास्तर, मुंग्या अंडे घेऊन वरतं चालल्या," गडी पुंजाजी म्हणाला. "पानी येते."

"अकरा वर्षांत कार्तिकात फक्त एकदा पाऊस झाला, पुंजाजी."

"मुंग्यायनं तुमची वही नाही वाचली जी."

नवमी पुढे ढकलली. त्या दिवशी ऊन पडलं. द्वादशी ठरवली, तर पुन्हा ढग आले आणि पुन्हा पाऊस नाही. शेवटी मास्तरांची म्हातारी आत्या प्रयागबाई पंचांग आपटून म्हणाल्या, "आता चतुर्दशी! पानी येवो नाहीतं आग लागो. सैपाक काय तुया वहीत शिजवू?"

या खोळंब्याने माझा घात केला. नवमीला निघालो असतो तर मी कोरी गेले असते. पण मधे पाच दिवस रिकामे मिळाले आणि आत्याबाईंचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"दौलत, हिच्याखाली नैवेद्य शिजणार. कोरं कापड देवाच्या कामाले चालत नाही. परटाच्या भट्टीत घालून आन."

मास्तरांचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतील. तोंड मिटलं. मोठ्या आत्याला उलट कसं बोलायचं! माणसं इतकी शिकतात आणि एक वाक्य बोलायची वेळ आली की भिंतीकडे बघतात, याला काय म्हणावं?

परटाने मला सोड्याच्या उकळत्या पाण्यात घातलं. अन्सारभाईंनी आठ दिवसांत जिरवलेलं सगळं एका दुपारी वाहून गेलं. मी पांढरीशुभ्र होऊन आले. आत्याबाई खूश झाल्या. आणि मास्तर वहीत लिहीत होते, "राहुटी तयार."

चतुर्दशीला मला आवळीखाली उभं केलं, माझ्या आत पानं वाढली, व्याह्यांनी पहिला घास उचलला आणि पाऊस आला. चांगला तासभर कोसळला. मी काय करणार होते? माझ्या अंगात होतं काय? मी ठिकठिकाणी पाझरले. वरण पातळ झालं, विजयमालाचा शालू भिजला, आणि रामकिसनरावांच्या पगडीत मधोमध धार लागली.

"मास्तर, ही राहुटी हाय का चाळनी?" ते ओरडले. "कारंज्याच्या त्या अन्सारनं तुमाले चाळनी इकली!"

मास्तरांनी तेव्हा तरी बोलावं की नाही? ते म्हणाले, "असू द्या. जेवा."

रामकिसनरावांनी ही गोष्ट कामरगावच्या बाजारात सांगितली, मानोऱ्यात सांगितली, सांगताना वाढवली. महिनाभरात अन्सारच्या तंबूखाली म्हणे बैल बुडाला! माणसं पोट धरून हसली. मग अन्सारभाईंचं पत्र आलं.

"दौलतराव मास्तरांस अन्सारचा सलाम. बाजारात माझं नाव खराब होऊन राह्यलं आहे. जत्रेतल्या दुकानदारांनी यंदा पालं दुसरीकडे शिवायला दिली. मी तुमच्यावर बोल ठेवत नाही. राहुटी धुतली होती का, एवढं कळवावं. हो का नाही, एवढंच."

मास्तरांनी चार वेळा उत्तर लिहिलं आणि चार वेळा फाडलं. आत्याबाईंना वाईट वाटेल, व्याही खोटे पडतील, आणि आपण गप्प बसलो होतो हे सगळ्यांना कळेल. शेवटी पत्र माझ्याच खिशात घातलं, माझी घडी केली आणि मला माळ्यावर टाकलं. म्हणजे ज्या कारागिराने खिसा शिवला त्याचीच फिर्याद त्या खिशात पुरली! मला विचारलं कुणी?

पुढे मला गोठ्यातल्या कडब्यावर झाकायला काढलं. शेळ्या माझ्यावर बसल्या, उंदरांनी कोपरा खाल्ला, कुणी चिखलाचे पाय पुसले. त्याचं मला इतकं काही वाटलं नाही. पण घरात नवं माणूस आलं की मला बोट दाखवून सांगत, "हीच ती. अन्सारची गळकी राहुटी." ते मात्र मला दर वेळी सुईसारखं टोचलं.

मग सेहेचाळीसच्या कार्तिकात विजयमाला दोन मुलींना घेऊन आली. मुलींना नदीकाठी राहायचं होतं.

"बाबा, राहुटी काढू?"

"नको, विजू. ती गळते," मास्तर म्हणाले.

ऐकलंत? हे ते म्हणाले, सगळं माहीत असणारे मास्तर! मी त्या वेळी कडब्यावर होते म्हणून, नाहीतर त्यांच्या अंगावरच पडले असते.

विजयमालाने ऐकलं नाही. तिने मला ओट्यावर पसरलं, झटकलं, खिशात हात घातला. पत्र पिवळं पडलं होतं, पण अक्षरं शाबूत होती. तिने ते मोठ्याने वाचलं. आत्याबाई शेजारी वाती वळत बसल्या होत्या, ऐंशीच्या घरातल्या.

"बाबा, याचं उत्तर दिलं?"

मास्तर ओट्यावर बसले. मग हळूहळू सगळं बोलले. खाराचं पाणी, अन्सारभाईंची ताकीद, सगळं.

आत्याबाईंच्या हातातली वात गळून पडली. "अरे, मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, आत्याबाई."

"मले काय वाईट वाटते! तुळशीचं पानी शिंपडलं असतं, झालं असतं शुद्ध! मीच धुवाले लावली, अन् नाव त्या मानसाचं गेलं? आठ वर्सं?" त्या गड्याकडे वळल्या. "पुंजाजी, तो अन्सार हाय का रे अजून?"

"हाय ना. तंबू कोन शिवून घेते त्याच्याकून? पोते शिवते आता, कारंज्याले."

मास्तर आत गेले. मग ते बंद पाकीट घेऊन बाहेर आले, उंबऱ्यात थांबले, पुन्हा आत गेले. पाकीट फाडल्याचा आवाज झाला. मला वाटलं, संपलं, हे पाचवं. पण या वेळी ते साधं पोस्टकार्ड घेऊन आले. मित्रांनो, कार्ड उघडं असतं. डाकवाला वाचतो, दुकानदार वाचतो, ओट्यावरचे सगळे वाचतात. एवढ्या लाजऱ्या माणसाने मुद्दाम कार्ड निवडलं.

त्यांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. "अन्सारभाईंस दौलतरावचा नमस्कार. होय. राहुटी भट्टीत धुतली होती. तुम्ही मनाई केली होती, ती मला ठाऊक होती आणि मी गप्प बसलो. तुमच्या कामात खोट नव्हती. हे कार्ड बाजारात कुणालाही दाखवावं. मीही येत्या हाटात व्याह्यांसमोर हेच सांगणार आहे."

मुलांनो, तुमच्या घरी राहुटी असली तर तिला सोडा लावू नका, ओली घडी करू नका. आणि कुणाच्या हातच्या कामाला नाव ठेवण्याआधी आपण त्याचं काय केलं ते आठवा. कुणी एक ओळ विचारली तर एक ओळ लिहा.

समोरच्या दुकानाच्या भिंतीवर डाकेची लाल पेटी आहे. मी ओट्यावर पसरलेली होते, म्हणून मला सगळं दिसलं. मधे रस्त्यावर दोन माणसं उभी होती. मास्तरांनी रस्ता बदलला नाही. ते सरळ त्यांच्या मधून गेले, पेटीशी क्षणभर थांबले, आणि कार्ड आत पडल्याचा आवाज मी इकडे ऐकला.