निबंधाच्या फलकावरचा लाल अंगठा

मी एक जुना निबंधाचा फलक आहे. हसू नका मित्रांनो, फळा वेगळा आणि फलक वेगळा! फळ्यावर लिहितात आणि पुसून टाकतात. माझ्यावर कागद लावतात आणि येणारा-जाणारा थांबून वाचतो. हिंगोली जिल्ह्यात, कुरुंद्याच्या बाजूला एका गावात शाळा आहे, तिच्या व्हरांड्यात मी टांगलेला आहे.

गावातलं एक कडुलिंबाचं झाड वादळात पडलं, त्याची माझी चौकट झाली. मध्ये हिरवं कापड ताणून बसवलं. नीलांबरी मॅडम इतिहास, भूगोल आणि मराठी शिकवायला नव्यानं आल्या होत्या, त्यांनी मला हौसेनं करवून घेतलं. तेव्हापासून दर शनिवारी एक निबंध माझ्यावर लागू लागला. कधी रोमचे रस्ते, कधी फ्रान्सची राज्यक्रांती, कधी सहारा, कधी ग्रीकांची जुनी शोकनाटकं. तालुक्याच्या वसमतपलीकडं न गेलेली पोरं, पण त्यांनी मला अख्खी पृथ्वी फिरवून आणली. टाचण्या टोचायच्या, नाही असं नाही. कुणी म्हणेल, लाकडाला काय दुखतं! दुखायचं हो, पण हवंहवंसं वाटायचं.

आमचा हा हळदीचा मुलूख. नवी वस्तू घरात आली की आधी हळदीचं बोट. पहिला निबंध लागला त्या दिवशी लिहिणाऱ्या पोरीनं पुडीतून हळद आणली आणि ओला अंगठा माझ्या चौकटीवर उमटवला. मग ती रीतच पडली. ज्याचा निबंध लागेल त्यानं अंगठा लावायचा. उन्हानं जुने अंगठे उडायचे, नवे यायचे. काय थाट होता माझा!

मग घरोघरी मोबाईल आले. एकदा मॅडमपुढं चार निबंध आले आणि चौघांनाही अॅमेझॉनचं जंगल त्याच त्या वाक्यांत आवडलं होतं. मॅडमचं मन विटलं. मुलांचं लिखाण पाहून खुलणारा त्यांचा चेहरा आता वाचायच्या आधीच आक्रसू लागला. मला ते दिसत होतं, पण मला तोंड कुठं आहे?

दहावीत सृष्टी नावाची मुलगी होती, हळद पिकवणाऱ्या भागवतरावांची लेक; ती त्यांना आबा म्हणायची. मधल्या सुट्टीत ती माझ्यापुढं उभी राहायची आणि ओठ हलवत वाचायची. एकदा मैत्रिणीला म्हणाली, "आबा म्हनले, तुहा निबंध शाळेत लागू दे, मंग तुला वसमतला अकरावीला घालतो. न्हाई तर घरी काम काय कमी हाये?"

लेकरू इरेला पेटलं. नाईल नदीवर लिहायला घेतलं. माझ्यापुढं उभी राहून वाक्य पुटपुटायची, मान हलवायची, मोडायची, पुन्हा जुळवायची. आपल्या ओढ्याचा पूर तिनं पाहिला होता, त्यावरून तिनं नाईलचा पूर उभा केला. असला निबंध माझ्या अंगाला कधी लागला नव्हता, खरंच सांगतो.

त्या शनिवारी मॅडम प्रशिक्षणाला हिंगोलीला गेल्या होत्या, म्हणून दुसऱ्या सरांनी तो लावला. सृष्टीनं अंगठा इतका दाबला की हळद माझ्या शिरांत उतरली. पोरगी नुसती हसत होती.

सोमवारी मॅडम आल्या. वाचता वाचता एका वाक्यावर थांबल्या. 'पूर ओसरला की जमिनीला नवी कातडी येते.' त्यांनी सृष्टीला सगळ्यांदेखत बोलावलं.

"कुठून उतरवलंस?"

"म्या लिवलंय, मॅडम."

"हे वाक्य तुझं आहे? खरं सांग."

सृष्टी खाली बघत म्हणाली, "वाक्य माझं न्हाई, पन..."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. मॅडमनी कागद काढला. अंगठ्याचा ठसा पुसायला साबणाचं ओलं फडकं मागवलं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मॅडमना रागाच्या भरात ते आठवलं नाही. ठसा गेला तर नाहीच, लालभडक झाला. पिवळ्या अंगठ्यांत एकटा लाल! पोरं त्याला 'चोरीचा अंगठा' म्हणू लागली. गोष्ट भागवतरावांपर्यंत गेली आणि वसमतचं नाव घरातून निघून गेलं. सृष्टी माझ्यापुढं पुन्हा कधी उभी राहिली नाही. परीक्षेपर्यंत ती मागच्या दारानं ये-जा करायची.

मे महिन्यात निकाल लागला. सृष्टी आईबरोबर, मनकर्णाबाईंबरोबर, दाखला न्यायला आली. घरी वाळलेली हळकुंडं घोळवून पॉलिश करायचं काम चालू होतं, दोघींचे हात मनगटापर्यंत पिवळे. मॅडमनी सहज विचारलं, "यंदा पीक कसं?"

"बेस हाये, मॅडम. पुरानं शेत खरवडलं तवा वाटलं, गेलं समदं. पन पानी सरलं की भुईला नवी कातडी येती. आमी सांगतोच पोरीला."

मॅडम जागच्या जागी थिजल्या. "हे... हे तुम्ही सांगता तिला?"

"व्हय. काहून?"

मॅडम धावत आत गेल्या. कपाटातून तो निबंध काढून आणला आणि माझ्यावर लावला. इतक्या वर्षांत त्यांची टाचणी कधी वाकडी गेली नव्हती, त्या दिवशी गेली. डोळे भरून आले होते. "सृष्टी, चुकलं गं माझं. लाव तुझा अंगठा. मी आजच भागवतरावांशी बोलते, तुला वसमतला घालू."

सृष्टीनं निबंधाकडं पाहिलं. मला वाटलं, आता हात उचलेल. हाताला हळद होतीच, नुसतं टेकवायचं होतं.

"नगं, मॅडम. आबा व्हय म्हनले तरी मला न्हाई जायचं. तिथं कुनी पुन्हा इचारलं, कुठून उतरवलं, तर म्या काय दाखवू? मायला संगं नेऊ का?"

तिनं हात ओढणीला पुसले, दाखला घेतला आणि आईच्या मागं निघून गेली. मॅडम माझ्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्या रडल्या, आणि मला त्यांना सावरता आलं नाही.

मित्रांनो, तो निबंध अजून माझ्यावर आहे. मॅडम दुसरा लावत नाहीत. सृष्टीच्या घरी दोनदा जाऊन आल्या, ती कामातून वर बघत नाही म्हणतात. मला नवं हिरवं कापड, नवा रंग काही नको. एवढंच करा. एखाद्या लेकरानं सुंदर लिहिलं तर त्याच्याजवळ बसा आणि विचारा, तुला हे सुचलं कसं? आणि ते अडखळत 'पन' म्हणालं तर थांबा. त्या पोरीला पुढं फक्त 'माझ्या मायचं हाये' एवढंच म्हणायचं होतं.