थोरलीचं लहानपण

"तुझी ती थोरली जन्मतःच चाळिशीची होती काय गं?" सोबत काम करणाऱ्या काल्बूबूने खिमा भरलेल्या समशाचा घास गिळत विचारलं.

बुरुलने मोबाइलमधून मान वर काढली. बिश्केकच्या त्या कपड्यांच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका गप्पा ठोकत आणि बुरुल एल्फांच्या गोष्टी लिही. एल्फ म्हणजे टोकदार कानांची, कधीही न मरणारी माणसं. त्यांचं जग मुळात दुसऱ्याच कुणी रचलेलं. बुरुलसारखे चाहते त्यात आपापल्या गोष्टी घालत आणि एकमेकांच्या वाचत. तिची गोष्ट तीन एल्फ भावंडांच्या लहानपणाची होती.

"म्हणजे?"

"मधला हट्टी, धाकटी रडूबाई, दोघं कशी डोळ्यांपुढं उभी राहतात. आणि थोरली? रुसत नाही, सांडत नाही, मार खात नाही. पोर आहे का पहारेकरी?"

बायका खिदळल्या. बुरुलही हसली, पण ते तिला लागलं. मधला आणि धाकटी तिने आपल्याच भावाबहिणीवरून उचलली होती. त्यांच्या खोड्या घरी चहाबरोबर उगाळल्या जात. तिच्या खोड्या त्यात नसत. पहिलं मूल सासूसासऱ्यांच्या ओटीत घालायची त्यांच्याकडे रीत होती. सव्वा महिन्याची होताच आजी तिला कोटात गुंडाळून डोंगरातल्या गावी घेऊन गेली. बुरुल आजीलाच आई म्हणत वाढली आणि जन्मदात्या आईला म्हणायची वहिनी. आजी जाऊनही आता वर्षं लोटली होती.

रविवारी ती सोनुनकडे, त्या वहिनीकडे गेली. मूत्रपिंडांच्या दुखण्याने सोनुनने अंथरूण धरलं होतं. धाकटी बहीण मीरगुल औषधं आणायला बाहेर पडली, तसं बुरुलने विचारलं, "वहिनी, लहानपणी मी कशी होते हो?"

"शहाणी होतीस."

"कुणी सांगितलं?"

"सासूबाई म्हणायच्या."

"आणि तुम्ही काय पाहिलंत?"

सोनुनने भिंतीकडे तोंड केलं. तशीच म्हणाली, "उन्हाळ्यात आम्ही गावी यायचो. मी हात पुढं केले की तू सासूबाईंच्या मागं दडायचीस. 'आई, ही कोण बाई आलीय?' म्हणायचीस. सगळे हसायचे. मीपण हसायचे. काय करणार? तुला उचलून घेतलं असतं, तर दिलेली लेक परत मागते असं झालं असतं."

"आणि त्याच्या आधी? तेव्हा तर तुमच्याजवळच होते."

"तेव्हा तू नुसती झोपायचीस गं. एवढीशी जीभ बाहेर काढून." सोनुन किंचित हसली. "मी नव्हते झोपत. द्यायची ठरलीच होतीस, मग झोपून कसं चालेल?"

बुरुलने उगीचच तिच्या पायांवरची रजई सारखी केली.

"तुझ्या गोष्टीतली माणसं मरत नाहीत म्हणे. मीरगुल सांगत होती."

"नाही मरत."

"मग त्यातल्या आईला वेळ आहे," सोनुन म्हणाली.

बुरुलला तिला आई म्हणून हाक मारायची होती. शब्द ओठांपर्यंत आला, पण तो आजीचा होता.

"वहिनी, चहा देऊ?"

"दे. साय घाल जराशी."

त्या आठवड्यात बुरुलने एल्फांच्या घरातली एक पहाट लिहिली. थोरली पाळण्यात निजलेली, आणि तिची आई पापणी न लववता तिच्याकडे बघत बसलेली. बाकी काहीच घडत नाही. काल्बूबूने ते वाचलं आणि या वेळी टोमणा मारला नाही. "एवढंच?" तिने हळूच विचारलं.

"एवढंच आहे माझ्याकडे."

बर्फ वितळायच्या सुमारास सोनुन गेली. अंगणात शोकासाठी लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू उभा राहिला. आत बायका दाटीने बसल्या. मेलेल्या माणसाला हाक मारून शोकगीत सुरू करायचं, आणि तो पहिला सूर थोरल्या लेकीचा, अशी रीत होती.

"थोरली ना गं तू?" शेजारच्या म्हातारीने बुरुलला कोपराने ढोसलं. "धर की."

बुरुलने तोंड उघडलं. मीरगुल लाल डोळ्यांनी तिच्याकडे बघत होती. तंबूत सगळ्या थांबल्या होत्या.

शेवटी मीरगुलनेच टाहो फोडला, "आई गं!" मग तंबूभर आवाज उसळला. त्यात बुरुलनेही आपला सूर मिसळला, डोकं खाली घालून, अगदी खालच्या पट्टीत. तिने कुठल्या नावाने हाक मारली, ते त्या गलक्यात कुणालाच ऐकू आलं नाही.