खोडलेलं उणे दोन

"लॉगच्या गणितात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय," असं म्हणत मास्तरांनी फळ्यावरच्या दोन उत्तरांपैकी उणे दोनवर खडूची आडवी रेघ ओढली. "लॉगला उणं चालत नाही. उणं उत्तर दिसलं की कापायचं. क्ष बरोबर पाच. लिही."

सुनेनं लिहिलं नाही. ती फळ्याकडेच बघत राहिली.

लॉग (३ − क्ष) + लॉग (−क्ष) = १

सून शिवणकाम करायची. शिवणशाळेत शिकवायची नोकरी तिला हवी होती आणि त्यासाठी वरच्या वर्गाचं गणित पास व्हावं लागणार होतं. कापड कापायला लॉग कुठे लागतो, हे त्या शाळेलाही सांगता आलं नव्हतं. दोनदा ती आपटली होती. ही तिसरी आणि शेवटची संधी. पेपर परवावर आलेला.

"आता काय अडलं?" मास्तरांनी विचारलं.

"घालून बघते, बाबा."

"काय घालून?"

"उत्तर. गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघितल्याशिवाय मी कपडा देत नाही."

"सासऱ्याचं माप काढतेस होय गं?" सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "चाळीस वर्षं शिकवलंय त्यांनी!"

तिनं आधी पाच घातला. तीनातून पाच गेले, उरले उणे दोन. त्याचा लॉग निघेना. पाच उसवला. मग खोडलेला उणे दोन उचलला. पहिल्या कंसात झाले पाच, दुसऱ्यात दोन. पाच दुणे दहा, दहाचा लॉग एक.

"हा बसतो, बाबा," ती हळूच म्हणाली. "अगदी मापात. उणं कंसात उरलं तर चालत नाही. नुसता क्ष उणा असला तर त्याचं काय बिघडतं?"

मास्तरांनी चष्मा काढून डस्टरनं पुसला. परत डोळ्यांवर चढवला. काही दिसेना म्हणून तोंडही पुसलं, तेही डस्टरनंच.

"चाळीस वर्षं," ते पांढऱ्याफटक तोंडानं म्हणाले, "मी चांगलं उत्तर मारलं आणि भलतंच पोरांच्या गळ्यात बांधलं."

"आणि माझ्या आमटीत मीठ शोधत बसता," सासूबाई म्हणाल्या.

मास्तरांनी खडू सुनेच्या हातात दिला, तिची वही घेतली आणि खाली सतरंजीवर मांडी घातली.

"पुढचं गणित तू सोडव. मी उतरवून घेतो. जरा सावकाश हां."

दोन दिवस ते गल्लीत भेटेल त्याला थांबवून सुनेचं कौतुक सांगत होते. दूधवाल्याला तर त्यांनी दोन्ही कंस सोडवून दाखवले.

पेपरात तसंच गणित आलं, पाच गुणांचं. सुनेनं दोन्ही उत्तरं घालून पाहिली, उणे दोन लिहिलं आणि खाली पडताळाही मांडला.

पास व्हायला पस्तीस हवे होते. एकतीस मिळाले. उत्तरपत्रिकेची प्रत मागवली, तर त्या गणिताला भोपळा होता. खालची तपासणाऱ्या बाईंची सही मास्तरांनी लगेच ओळखली. त्यांच्या हाताखालून गेलेली सगळ्यात हुशार मुलगी.

मास्तरांनी त्याच दिवशी फेरतपासणीचा अर्ज केला. सोबत चार पानांचं स्पष्टीकरण जोडलं, खाली स्वतःची सही.

फेरतपासणीचं काम मास्तरांच्या पहिल्या तुकडीत शिकलेल्या एका सरांकडे गेलं. गुण एकतीसच राहिले.