उचलण्याची नवी रीत

कात्रीला कमरेपासून टाचेपर्यंत एक दुखणं जडलं होतं. त्याला ती आजार म्हणायची नाही, भाडेकरू म्हणायची. "भाडं देत नाही मेला, वर झोपेत लाथा घालतो."

कात्री हे काही तिचं खरं नाव नव्हे. तिच्या जिभेवरून नवऱ्यानं ठेवलं आणि गल्लीनं उचलून धरलं. नवरा सलूनवाला. गिऱ्हाइकाच्या गळ्याला कापड बांधलं की याचं तोंड जे सुरू व्हायचं, ते दाढी उरकली तरी थांबायचं नाही, म्हणून त्याला सगळे रेडिओ म्हणत. "एक कात्री दुकानात, एक घरात," तो सांगायचा. "दुकानातली निदान मिटते तरी."

असा हा माणूस एका सकाळी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून खुर्चीशेजारी कोसळला. झटक्यात उजवं अंग गेलं आणि आवाज गेला. शब्द सगळे शाबूत होते, पण त्यांच्यामागे जोरच नव्हता. ओठ हलायचे, नुसती वाफ निघायची. हातभर लांब उभ्या माणसाला काही म्हणता काही कळायचं नाही.

तेव्हापासून कात्री त्याला उचलायची. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, मोरीतून परत. सून म्हणायची, "आई, मी धरते ना एका बाजूनं."

"तू तुझं दूध धर, उतू चाललंय."

उचलायची रीत तिची तिनंच काढलेली. पुढे वाकायचं, त्याच्या काखांखालून हात घालून पाठीमागे बोटं गुंफायची, आणि दम कोंडून ओढायचं. तो आपला धड हात तिच्या गळ्यात टाकायचा. सगळा भार तिच्यावर. पण तेवढ्यापुरतं त्याचं तोंड तिच्या कानाला टेकायचं, आणि बंद पडलेला रेडिओ लागायचा.

"जाड झालीस, कात्रे."

"कोण कुणाला उचलतंय ते बघा आधी!"

किंवा, "काल मीठ विसरलीस." किंवा, "शेजारच्याचे केस कुणी कापले गं? उंदरानं?" हसू आलं की तिचे हात ढिले पडायचे आणि दोघं पलंगावर बदकन बसायची. एकदा तो म्हणाला, "दुखतं का गं फार?"

"छे हो. तुमचं वजन ते काय, पिसासारखं."

पण त्या पिसानंच तिचा कणा मोडत आणला होता. मांडीच्या मागून तापली तार ओढावी तशी कळ जायची, पोटरीत मुंग्या यायच्या, अंगठा तर आपला वाटेचना. डॉक्टरांनी मणक्याचा फोटो उजेडावर धरला. गादी सरकलीय, नस दबलीय. म्हणाले, असंच उचलत राहिलात तर ऑपरेशन टळणार नाही.

मुलानं लगेच मार्ग काढला. "आई, तू बरी होईस्तोवर बाबांना सेवाकेंद्रात ठेवू. चांगलं आहे, स्वच्छ आहे."

"मी मेले की ठेव. माझ्या देखत त्यांना परका हात लागायचा नाही."

एवढ्यावरून सगळं अडलं होतं. पाठ गेली तर नवरा जाणार परक्यांच्या हाती, हे तिला दिसत होतं. म्हणून व्यायाम शिकवणारी मुलगी घरी आली, तेव्हा तोंड वाकडं करूनही कात्रीनं तिला आत घेतलं.

"आजी, कसं उचलता ते दाखवा."

कात्रीनं दाखवलं. मुलीनं कपाळाला हात लावला. "असं तर मी पोतंसुद्धा उचलणार नाही."

"पोतं नाही ते, नवरा आहे."

"म्हणूनच सांगते. आजोबांचा डावा पाय चांगला आहे, त्याला कामाला लावा. तुम्ही त्यांना उभं करता, म्हणून ते उभे राहत नाहीत."

सुतारानं पलंगाशेजारी भिंतीला दांडी ठोकली. रेडिओच्या कमरेला रुंद पट्टा आला. आता कात्रीनं बाजूला राहायचं, गुडघे वाकवायचे, पाठ ताठ, हात फक्त पट्ट्याला. त्यानं दांडी धरायची, पुढे झुकायचं आणि आपल्या पायानं उठायचं. शिवाय तिनं रोज पालथं पडून कोपरांवर छाती उचलायची. मुलगी म्हणाली होती, दुखणं पायातून कमरेकडे सरकलं तर घाबरू नका, ते जायच्या तयारीत आहे समजा.

आणि खरंच तसंच झालं. आधी अंगठा परत आला. मग पोटरी सुटली, मग मांडी. शेवटी कमरेत टीचभर उरलं, तेही विरलं. कात्री ताठ मानेनं बाजारात निघाली, गल्लीभर सांगत सुटली, "भाडेकरू घालवला! सुरीबिरी न लावता!"

घर तेवढं फार शांत झालं होतं. तिला वाटलं, रुसलाय. दांडी धरायला लावली म्हणून म्हातारा फुगून बसलाय. फुगेना का.

एकदा उठता उठता त्यानं दांडी सोडली आणि तिच्या मानेमागं हात घालून तिचं डोकं आपल्याकडे ओढलं. ओठ हलत होते.

"अहो, सोडा! वाकायचं नाही मला. पोरगी ओरडेल."

त्यानं सोडलं. पुन्हा दांडी धरली, निमूट उठला, खुर्चीत बसला. परत कधी त्यानं तिचं डोकं ओढलं नाही.

मग एका सकाळी त्याचा हात दांडीवर ठेवला, तो घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. दुसरा झटका होता. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, आता ऐकू येतं का तेही सांगता येत नाही, बोलण्याचं तर सोडाच. मुलगा दाराशी घुटमळला, म्हणाला, "निदान तुझी पाठ तरी वाचली, आई."

कात्रीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती पलंगाच्या कडेला बसून आठवत होती, हा शेवटचं काय बोलला होता. मिठाचं होतं का? शेजाऱ्याच्या केसांचं? पट्टा आला त्या दिवसापासूनचा एकही शब्द तिच्याकडे नव्हता. माणूस रुसला नव्हता. त्याला बोलायला तिचा कान लागत होता, आणि तो कान तिनं पट्ट्याच्या बाजूला नेऊन ताठ उभा केला होता.

ती उठली. पट्टा सोडून खाली टाकला. पुढे वाकली, काखांखालून हात घातले, बोटं गुंफली.

"आई, कंबर!" सून ओरडली.

कात्रीनं दम कोंडला आणि ओढलं. तार टाचेपर्यंत गेली. रेडिओची हनुवटी तिच्या खांद्यावर आली, तोंड कानाशी. सून धावत येऊन एका बाजूनं टेकू देऊन उभी राहिली, आणि पहिल्यांदाच कात्रीनं तिला हटकलं नाही.

कानात नुसता श्वास येत होता, गरम आणि सावकाश.

"बोला हो," ती म्हणाली. "वाकले मी."