मंडणगडच्या बायका खोटं बोलल्या म्हणे

रत्नागिरीची बातमीदार दिशा निवडणुकीआधी मंडणगडच्या वाड्या पायी फिरली होती. बायकांनी तिला तोंडावर सांगितलं होतं, "पाणी नाय, तर मत पण नाय. या वेळी आमदार पाडणार." तिने तसंच लिहून वाहिनीला पाठवलं.

मुंबईच्या संपादकांनी ते कचऱ्यात टाकलं. "पुरुष सगळे इथे मुंबईत. गाववाल्यांच्या इथल्या ग्राममंडळाने आमदारांना शब्द दिलाय. घरधन्याचा फोन गेला की बायका बटण दाबतात." मंडळाच्या चार पुढाऱ्यांना विचारून त्यांनी वाहिनीच्या अंदाजात आमदार निवडून आणला, आणि खाली नाव ठोकलं दिशाचं.

आज आमदार नऊ हजारांनी आपटला. मतमोजणी केंद्राबाहेर दिशाला संपादकांचा फोन आला. "थेट प्रक्षेपणात सांगून टाक, बायका आपल्याशी खोटं बोलल्या."

दिशाच्या अंगाचा तिळपापड झाला. हे बोललं तर नोकरी राहील. पण वाडीतल्या ज्या मालनकाकूंनी भाकरी वाढून मन मोकळं केलं, त्यांच्या दारात कुठल्या तोंडाने जायचं? कॅमेरा सुरू होताच ती म्हणाली, "बायका खरंच बोलल्या. खोटं आम्ही दाखवलं."

पाच मिनिटांत मालनकाकूंचा फोन.

"काय गो बाय, टीव्हीवर तोंड हलत होतं तुझं, पण आवाज बंद! खाली लिवलेलं, 'महिलांनी फसवलं.' तू तसं म्हणालीस?"

"नाय काकू, देवाशपथ."

"मग वाडीत येऊन सांग. इथं सगळ्या तुझ्या नावाने बोटं मोडतायत. माझं एकटीचं कोण ऐकतंय?"