गाडीतला घाऊक फोन

वसुधाताई गाडीत बसल्या की कुणालाही सापडत नसत, आणि त्यांच्या मते गाडीचा खरा उपयोग तोच होता.

मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीत ती बाटलीहिरवी जर्मन गाडी सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत म्हातारी. त्यांच्या यजमानांनी, नंदकिशोररावांनी, जुहूच्या एका सिनेमावाल्याकडून सत्त्याण्णव साली घेतलेली. रेडिओ लावला की तिची एरियल आपोआप वर यायची, आणि तेवढं दाखवायला नंदकिशोरराव पाहुण्यांना खाली घेऊन जायचे. ते गेल्यापासून वसुधाताई दर शनिवारी सकाळी ती काढत, फोन पर्सच्या तळाशी दडपत आणि माहेरच्या पार्ल्याला एक चक्कर मारून येत. वाटेत मोठ्यांदा गात. सूर लागत नसे, पण काचा वर असत.

पवईला राहणाऱ्या शौनकला, म्हणजे त्यांच्या मुलाला, हे बघवत नव्हतं.

"आई, सकाळभर तुझा पत्ता नसतो. काही झालं म्हणजे?"

"झालं तर कळेलच की तुला."

"मस्करी नको. एक तर गाडीत हँड्सफ्री बसव, मी फोन केला की उचलायचा. नाहीतर विकून टाकू तो डबा."

डबा म्हटलेलं वसुधाताईंना झोंबलं. पण गाडी जाण्यापेक्षा फोन परवडला, असं म्हणून त्या एलबीएस रोडवरच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने गाडीत डोकं घातलं. "आंटी, ये पुराना टेप निकालके मस्त स्क्रीन डालते. बस, ये लकडी थोडा काटना पडेगा." ती लाकडी पट्टी नंदकिशोरराव दर रविवारी स्वतः पुसायचे, धाकट्या लेकीचं तोंड पुसावं तशी. दुकानदाराचं डोकं बाहेर येताच वसुधाताईंनी दार ओढलं आणि गाडी घरी आणली.

तोडगा सोसायटीचा सेक्रेटरी अनिरुद्ध याने काढला. या सोसायटीत कुठलीही वस्तू एकट्याने घेणं पाप. हापूस घाऊक, पणत्या घाऊक. मागे गुडघ्याचे पट्टेसुद्धा घाऊक आले होते, सगळे एकाच मापाचे, त्यामुळे निम्म्या लोकांचे घोट्यावर उतरले. आता हँड्सफ्रीची यंत्रं आली. गाडीतल्या सिगारेट लायटरच्या भोकात खोचायचं, रेडिओ एका ठरावीक आकड्यावर लावायचा, की फोनवरच्या माणसाचा आवाज रेडिओतून येतो. कापाकापी नाही.

"काकू, दोन घ्या, अजून स्वस्त पडेल," अनिरुद्ध म्हणाला. त्यांनी दुसरं सूनबाईला, गार्गीला दिलं. मग ग्रुपवर मेसेज आला : सर्वांचे सेटिंग एकाच आकड्यावर करून आणले आहे, कृपया कोणीही बोट लावू नये. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली.

शनिवारी सकाळी गेटपाशी रांग लागली, कारण पाण्याचा टँकर आडवा आला होता. वसुधाताईंची एरियल डौलात वर गेली आणि गाडीत एक अनोळखी पुरुष बोलू लागला.

"साहेब, मिसळ रोजच्यासारखी गाडीतच पाठवू? तर्री जास्त?"

वसुधाताई दचकल्या. पुढच्या गाडीत अनिरुद्ध मान डोलावत होता. हाच अनिरुद्ध रोज ऐरोलीच्या पुलापर्यंत धावून आल्याचे फोटो ग्रुपवर टाकायचा. तेवढ्यात आवाज बदलला. "माधुरीताई, पुरणपोळ्या तयार आहेत. आमच्या दुकानाचं लेबल काढूनच देतो, नेहमीसारखं." मागच्या गाडीत महिला मंडळाच्या माधुरीताई होत्या. त्यांच्या हातच्या पोळ्यांसाठी अख्खी सोसायटी महिनाभर आधी नाव लावायची.

वसुधाताईंना पार्लं आठवलं. त्या वेळी गल्लीत एकच फोन, अंबादास वाण्याच्या दुकानात. फोन आला की तो हाका मारायचा आणि ज्याचा असेल त्याच्याआधी बाकीचे पोचायचे. कुणाचं लग्न मोडलं, कुणाला नोकरी लागली, सगळं गुळाच्या ढेपेशेजारी उभं राहून ऐकलं जायचं. मधली चाळीस वर्षं लोकांनी उगाच चोरून बोलण्यात घालवली.

त्या हसत होत्या, तेवढ्यात हसू आटलं. आपल्याला त्यांचं ऐकू येतं, तर त्यांना आपलं? काल यंत्र लावून बघायला गाडी याच गेटपाशी आणली, तेव्हा शौनकने तीनदा विचारलं होतं, "आई, पोट साफ झालं का?" आणि संध्याकाळी माधुरीताईंनी जिन्यात अडवून, काही विषय नसताना, इसबगोलचे फायदे सांगितले होते!

घरी जाऊन यंत्र उपटून टाकावं, हा पहिला विचार. पण उपटलं की गाडी विकायची, ही अट होतीच. वसुधाताई गप्प राहिल्या. रांगेतला प्रत्येक जण आपापल्या कारणाने गप्पच होता.

पुढच्या शनिवारी गार्गी लोणचं न्यायला आली. दोघी एकदमच निघाल्या. पुढे वसुधाताई, मागे गार्गीची छोटी गाडी. गार्गीने यंत्र अजून लावलंच नव्हतं, रेडिओ मात्र सासूच्या सांगण्यावरून त्या आकड्यावर लावून ठेवला होता. टँकर आडवा होताच. आणि शौनकचा फोन आला.

"आई, गार्गी निघाली ना तिथून?"

वसुधाताईंनी आरशात पाहिलं. "निघाली रे."

"मग ऐक. बुधवारी मी जेवायला तुझ्याकडे. तिचा तो पालापाचोळ्याचा डबा मी ऑफिसात वाटतो, पण आता तिथेही कुणी घेईना."

"जरा मोठ्याने बोल. नीट येत नाही."

"पालापाचोळा!" शौनक ओरडला. "आणि तिने दिलेला तो पोपटी शर्ट हरवला नाहीये. तुझ्या कपाटात मीच ठेवलाय. तिला सांगू नकोस हां."

"मी कशाला सांगू?" वसुधाताई म्हणाल्या, आणि ते अक्षरशः खरं होतं.

पुढे अनिरुद्धचे खांदे हलत होते. मागून एक लांबलचक हॉर्न वाजला. गार्गीने त्यावरचा हात काढलाच नाही.

संध्याकाळी शौनकचा आवाज बारीक होता. "आई, ते यंत्र काढ. आत्ताच्या आत्ता."

"अरे, पण तुझी अट?"

"अट गेली खड्ड्यात."

"आणि गाडी?"

"राहू दे गाडी."

"विकायची नाही ना?"

"नाही विकायची गं! हळू हस, गार्गी इथेच बसलीय. समोर वाटीभर मोड आलेले मूग ठेवलेत तिने."

दोन दिवसांत सोसायटीचीही नोटीस लागली. यंत्रातील लहरी प्रकृतीस अपायकारक असल्याचे समजते, तरी सर्वांनी ती काढून टाकावीत. कुणाच्या प्रकृतीला, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी पुन्हा हात जोडले. माधुरीताईंनी तर सर्वांत आधी.

त्या शनिवारी वसुधाताईंनी फोन पर्सच्या तळाशी दडपला, लाकडी पट्टीवरून फडकं फिरवलं आणि गाडी बाहेर काढली. पवईच्या चढावर त्यांनी गळा मोकळा सोडला. शेजारचा रिक्षावाला वळून बघू लागला, तेव्हा काच नीट वर घेतली.

यंत्र त्यांनी फेकलं नव्हतं. रुमालात गुंडाळून पुढच्या खणात ठेवलं होतं. शौनक पुन्हा कधी डबा म्हणालाच, तर लायटरचं भोक रिकामंच होतं.